मियामीपुढची खूण

बर्नडीन पावलक म्हणजे आमच्या चर्चच्या हॉलमधली बर्नी. तिला बर्नडीन म्हणतात ते एकटे फादर, आणि तेही रागावले तरच. शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं पोरांना वाढायचं काम केलं तिनं, त्यामुळं अजूनही बोलताना तिचा हात हवेत असतो, डाव धरल्यासारखा. गुडघे दुखतात, साखर आहे, जिना चढवत नाही. पण रविवारी दुपारी एक वाजता टीव्हीसमोर बसली की तिला काही होत नाही. टीम हरली की मग एकदम सगळंच दुखायला लागतं.

गावात पोलादाचा कारखाना होता तेव्हा माणसं कारखान्याची होती. कारखाना बंद पडला, त्यालाही चाळीस वर्षं झाली. मग माणसं कुणाची उरली? टीमची. बर्फ पडो, वारा सुटो, तळ्यावरून हाडं फोडणारी थंडी येवो, रविवार टीमचा. आणि ही फुटबॉलची टीम कशी, तर दरवर्षी आशा लावणार, दारापर्यंत जाणार आणि तिथून परत फिरणार. बर्नीचा बाप शेवटी कुणाला ओळखत नव्हता, बायकोलासुद्धा नाही. पण डोळे मिटायच्या आदल्या दिवशी म्हणाला, "किती झाले?" हरलेलो होतो आपण. बर्नीनं सांगितलं, जिंकलो. आयुष्यात एवढं एकच खोटं बोलले, असं ती सांगते.

तिचा नवरा नॉर्ब. एकोणिसाव्या वर्षी कारखान्यात लागला, कारखाना गेल्यावर म्युन्सिपाल्टीची बर्फ काढायची गाडी चालवली. माणूस मुका म्हणावा इतका कमी बोलणारा. शेहेचाळीस वर्षं झाली लग्नाला, आणि शेहेचाळीस वर्षं दोघं त्याच सोफ्यावर टीमचे निळे सदरे घालून बसतात. ती ओरडते, तो मान हलवतो. शेवटची दोन मिनिटं राहिली की ती त्याचा हात धरते. असं ठरलेलं.

आणि तिचे ते कागद. आठवड्यात ज्या सोळा मॅची असतात त्यांची यादी ती वाचनालयातून छापून आणते. बुधवारी माणसं पत्ते खेळायला हॉलमध्ये येतात, तिथं वाटते आणि तिथंच भरून घेते. प्रत्येक मॅचमध्ये कोण जिंकणार त्याच्यापुढं खूण करायची. आपल्या टीमची मॅच सगळ्यात शेवटच्या ओळीत, आणि त्याखाली तिचा स्कोअर अंदाजानं लिहायचा, दोघांचे मार्क सारखे झाले तर त्यावरून निकाल लावायला. पैशाचा संबंध नाही, फादर चालवून घेणार नाहीत. जो पहिला येईल त्यानं पुढच्या शुक्रवारी मासे तळायच्या जेवणाला ताठ बसून राहायचं, सगळ्यांनी त्याला वाढायचं. जो शेवटी येईल त्यानं बटाटे सोलायचे. चाळीस माणसांचे बटाटे, थोडे नाहीत.

बावीस वर्षं बर्नी हे मार्क मोजत आली. मोजायची तिची एक पद्धत होती. शेवटची ओळ ती बघायचीच नाही. आपली टीम जिंकली की सगळ्यांना एकेक मार्क, हरली की कुणालाच नाही. बघायचं काय त्यात? या हॉलमध्ये बसून आपल्या टीमविरुद्ध खूण करणारं कोण असणार? तिच्या डोक्यातसुद्धा आलं नाही कधी.

त्या आठवड्यात मॅच होती मियामीशी. काय मॅच ती! तीन वेळा आपण पुढं, तीन वेळा ते. शेवटी राहिले चार सेकंद, ते तेवीस, आपण एकवीस. आपल्या पोरानं चेंडूला लाथ मारायची, तो दोन खांबांच्या मधून घालवायचा, की तीन मिळणार आणि जिंकलो. बर्नीनं नॉर्बचा हात इतका दाबला की अंगठीचा वळ उठला. पोरानं लाथ मारली. चेंडू उडाला, सरळ चालला होता, आणि वाऱ्यानं की कशानं, डावीकडं गेला.

नॉर्बनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बर्नी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "राहू दे रे. पुढच्या रविवारी बघू." उठून तिनं त्याच्यासाठी मीठ लावलेल्या पावात गरम मांस भरलं, वर तिखट मुळा घातला, कारण अशा दिवशी त्याला दुसरं काही जात नाही. स्वतः जेवली नाही.

मंगळवारी सकाळी नॉर्ब दातवाल्याकडं गेला होता. बर्नी टेबलावर कागद घेऊन बसली. पंधरा ओळी तपासल्या, शेवटची सोडली. नॉर्ब दहा, आणि नॉर्बची बहीण लोरेन, तीही दहा. बाकी सगळे खाली. बरोबरी झाली म्हणून बर्नीनं खालचा अंदाज बघायला लोरेनचा कागद घेतला. आपण सत्तावीस, मियामी सतरा. मग नॉर्बचा घेतला.

मियामी चोवीस, आपण वीस.

तिला वाटलं, उलटं लिहिलं असेल, म्हातारा झालाय. म्हणून वरची ओळ बघितली. मियामीपुढं खूण. पेन्सिलनं हलकेच नाही, चांगली दाबून.

ती उठली, कॉफी ओतून घेतली, न पिताच परत ओतून दिली. मग तळघरात गेली. बुटांच्या खोक्यांत सगळे जुने कागद होते. गुडघ्याचं भान न ठेवता ती पायरीवर बसली आणि एकेक कागद काढून फक्त शेवटची ओळ बघत गेली. चाळीस माणसांची, दोन वर्षांची. सगळे आपल्या बाजूनं. बटाटे सोलून सोलून कंटाळलेला चेट नोवाकसुद्धा. नॉर्बचे सात कागद सोडून.

नॉर्ब आला तेव्हा अर्धा गाल बधिर होता त्याचा. टेबलावर सात आणि एक असे आठ कागद ओळीनं मांडलेले बघितले आणि टोपी न काढता उभाच राहिला.

"बस," बर्नी म्हणाली.

"दात..."

"दाताचं नंतर. हे काय आहे?"

तो बसला. बराच वेळ गाल चोळत राहिला. "तू शेवटची ओळ बघत नाहीस ना?"

"बघत नव्हते. म्हणून केलंस होय?"

"तसं नाही गं. मार्क नको होता मला. मिळालापण नाही कधी, तू दिलाच नाहीस, आणि मी मागणार कसा?"

"मग कशाला?"

नॉर्ब एवढं बोलत नाही कधी, पण त्या दिवशी बोलला. "पन्नास वर्षं रडलो मी या टीमसाठी, बर्नी. सोमवारी कामावर जायचो तर गाडी चालवावीशी वाटायची नाही. मागच्या वर्षी एकदा गंमत म्हणून केली खूण. हरलो आपण, आणि मला... तेवढं लागलं नाही. काहीतरी बरोबर आलं होतं ना माझं. जिंकलो तर आनंद आहेच. हरलो तर रिकामा हात नाही. एवढंच."

बर्नी त्याच्याकडं बघत राहिली. "रविवारी तोंड झाकलंस ते?"

"ते खरं होतं."

"सगळं?"

नॉर्बनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मी तुझी पाठ चोळत होते, नॉर्ब. मला वाटलं आपण दोघं हरलो. मी एकटीच हरले होते. तुला पाव करून दिला मी!"

"चांगला झाला होता," तो म्हणाला, आणि म्हणाल्यावर त्यालाच कळलं की हे बोलायला नको होतं.

आता खरी अडचण पुढं होती. तो मार्क धरला तर नॉर्बचे अकरा. म्हणजे तोच पहिला. आणि रीत अशी की पहिल्याचा कागद शुक्रवारी हॉलच्या फळीवर टाचायचा, सगळ्यांनी बघायचा.

"लोरेनला दे पहिला नंबर," नॉर्ब म्हणाला. "माझा कागद जाळून टाक. कुणाला कळतंय?"

"बावीस वर्षांत एका मार्काचं इकडंतिकडं केलं नाही मी."

"माझ्यासाठी एवढं नाही करणार? मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही त्या हॉलमध्ये."

"तू लबाडी केलीस, आता मीपण करू?"

त्यावर दोघं दोन दिवस बोलले नाहीत. पण बर्नीला झोप कुठली? रागावली होती तरी जीव त्याच्यासाठीच तुटत होता. माणसं त्याला काय काय बोलतील! चेट तर ताटावरून उठवील. ती मनातल्या मनात उत्तरं जुळवत होती. 'वय झालंय त्याचं. गोळ्या चालू आहेत. दातानं बेजार होता.' नवरा आहे, कुणीतरी त्याच्या बाजूनं उभं राहायला हवं, आणि दुसरं कोण राहणार?

शुक्रवारी हॉल भरला. तळणाचा वास, कोबीची कोशिंबीर, पोरांचा दंगा. बर्नी उभी राहिली. हात हवेत, डाव नसलेला. "पहिला नंबर, अकरा बरोबर. नॉर्ब पावलक." टाळ्या झाल्या. तिनं कागद नेला आणि फळीवर चारी कोपऱ्यांत टाचण्या लावून टाचला. मग बाजूला झाली. नॉर्ब ताटातल्या माशाकडं बघत बसला होता.

पहिला गेला चेट. चष्मा वर करून नाक लावून वाचत गेला खालपर्यंत. "अरे, हे काय? मियामी?"

सगळ्या माना फळीकडं वळल्या. बर्नी एक पाऊल पुढं आली. 'वय झालंय' म्हणायला तिनं तोंड उघडलं.

"लबाडा!" चेट ओरडला आणि पोट धरून हसायला लागला. "बावीस वर्षं मी बटाटे सोलतोय, आणि हे मला सुचलं नाही!"

मग काय, सगळा हॉल हसायला लागला. कुणी नॉर्बच्या पाठीवर थाप मारतंय, कुणी त्याच्या ताटात दुसरा मासा टाकतंय. लोरेनचा नंबर गेला होता, पण ती हसून डोळे पुसत होती. "लहानपणापासून असाच आहे हा. कुत्रं हरवलं तेव्हा हा रडत रडत दुसरं शोधत होता." फादर म्हणाले, "खरं सांगू? मियामीचं माझ्यापण मनात आलं होतं. धाडस झालं नाही." आणि त्यावर अजून हशा.

"पुढच्या आठवड्यात मीपण करतो," कुणीतरी म्हणालं. "मीपण," दुसरं.

बर्नी फळीजवळ उभी होती. तिची तयार केलेली वाक्यं तोंडातच राहिली. कुणालाच राग आला नव्हता. एकालाही. ती एकेकाचं तोंड बघत गेली. बर्फात शेजारी बसून ओरडलेली माणसं ही, तिच्या बापाच्या शवपेटीवर टीमचा झेंडा घालणारी. नॉर्बनं फसवलं ते एकट्यानं असं तिला आतापर्यंत वाटत होतं. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि या वेळीही शेवटी आलेल्या चेटच्या वाटचे उरलेले बटाटे सोलत बसली. लोरेन दोनदा बोलवायला आली. "अगं, खेळ आहे बर्नी, चल." ती म्हणाली, "हो, खेळच आहे. येते." आली नाही.

रविवार आला. नॉर्ब निळा सदरा घालून सोफ्यावर बसला, तीपण बसली, मधे एक उशी ठेवून. मॅच चांगली झाली. शेवटी दोन मिनिटं राहिली तेव्हा नॉर्बनं उशीवरून हात पुढं केला. तिनं धरला नाही, पण उशी काढली. आणि आपण जिंकलो. शेवटच्या क्षणी, असं की शेजारच्या घरांतून भांडी वाजायला लागली.

नॉर्ब उठून उभा राहिला, "बर्नी! बर्नी!" करत. तीपण उठली होती, ओरडणार होती. पण आधी तिची नजर त्याच्या तोंडाकडं गेली. डोळे हसतायत का, नुसतंच तोंड हसतंय, ते ती बघायला लागली. शेहेचाळीस वर्षांत असं बघावं लागलं नव्हतं.

त्यालाही ते कळलं. हात खाली आले त्याचे. "आपल्यालाच केली खूण या वेळी," तो म्हणाला. "बुधवारचा कागद तुझ्याकडंच आहे. पिशवीत. काढून बघ."

पिशवी खुर्चीवरच होती.

"नको," बर्नी म्हणाली. "आज बघितला तर दर रविवारी बघावा लागेल."

बाहेर लोकांनी गाड्यांचे भोंगे वाजवायला सुरुवात केली होती. नॉर्ब तिच्याकडं बघत उभा होता, आणि ती टीव्हीकडं बघत होती, जिथं पोरं एकमेकांच्या गळ्यात पडत होती.