फळ्यावरचा युरो

मामींचा फोन आला तेव्हा मी जर्मनीत, कामाच्या प्रयोगशाळेत होते. "बाय, नाना गेले," एवढंच त्या म्हणाल्या आणि कोणीतरी त्यांच्या हातून फोन घेतला. सकाळचा चहा पिऊन नानामामा ओट्यावर आले, हातात खडू घेतला, जरा दम लागला म्हणून खुर्चीत बसले… ते पुन्हा उठलेच नाहीत. मी केळव्याला पोहोचले ती थेट दहाव्याला. ओट्यावर पाऊल ठेवल्यावर पहिल्यांदा नजर गेली ती भिंतीवरच्या काळ्या फळ्याकडे. त्यावर ते गेले त्याच्या आदल्या दिवशीचा आकडा तसाच होता. तो पुसायला कोणी धजावलं नव्हतं.

नानामामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. बोईसरला, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या रंगांच्या एका कारखान्यात ते निर्यात विभागात होते. त्यांच्या हातून बिलं होऊन रंगाची पिंपं हॅम्बुर्गच्या बंदरात जात. एका युरोला आज किती रुपये, हे ते रोज सकाळी घरच्या फळ्यावर लिहीत. निवृत्तीनंतरही ही सवय सुटली नाही. वरच्या ओळीत आजचा भाव, मधल्या ओळीत गेल्या वर्षी याच तारखेचा, आणि तळाशी, त्यांनी युरोतलं पहिलं बिल केलं त्या दिवशीचा. तो तेवढा पांढऱ्या ऑइल पेंटने लिहिलेला. वाडीत विड्याची पानं खुडायला जाणारे लोक मुद्दाम थांबून विचारत, "नाना, आज ओपन काय नि क्लोज काय?" नाना खडू न थांबवता म्हणत, "लाव की मटका. बुडलास तर माज्या दारात रडायला येऊ नको." भाव गेल्या वर्षीपेक्षा चढलेला असला, की फळ्याशेजारच्या खिळ्यावर ते वाडीतलं जास्वंदाचं फूल अडकवत. कारखान्याला चार पैसे जास्त, म्हणजे दिवाळीला बोनस बरा. माझी आई आकड्यांच्या भानगडीत पडत नसे. फूल असलं की चांगलं, एवढंच तिला ठाऊक.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पुढचं शिक्षण जर्मनीत घे, हे नानामामांनीच सुचवलं. तिथल्या ज्या विद्यापीठात मला प्रवेश मिळाला तिथे फी नव्हती, पण वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधीच युरोमध्ये तिथल्या खात्यात भरल्याशिवाय व्हिसा मिळत नव्हता. पालघरच्या बँकेने कर्ज मंजूर केलं, तेही रुपयांत. त्या दिवशीच्या भावाने ते कसंबसं पुरत होतं. नाना म्हणाले, "थांब बाय, घाई नको. दरसाल या दिवसांत खाली येतो. उतरला की भरू, हातात जरा शिल्लक ऱ्हाईल." कारखान्यात त्यांच्या शब्दावर साहेब चालत. आम्ही थांबलो.

भाव उतरला नाही. रोज सकाळी मी सायकल काढून नानांच्या दारात जायची. लांबूनच वरची ओळ दिसायची. अशाच एका सकाळी भाव एकदम चढला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने नानांचा हात फुलाकडे गेला. आई नेमकी देवळातून परतताना तिथून गेली. मी घरी पोहोचले तर ती शिरा करत होती. "नानाने फूल लावलाय. झालं ना गं तुजं काम?" नाना मागोमाग आले. त्यांच्या मुठीत ते फूल चुरगळलेलं होतं. "सीता, शिरा उतरव," ते म्हणाले. "माजाच हात येडा."

त्या दिवशी बाबांचा तोल सुटला. वाडीत राबणारा, कमी बोलणारा माणूस, पण नानांच्या ओट्यावर जाऊन उभे राहिले. "नाना, तुमचा भाव म्हंजे भरती-ओहोटी हाय काय? चढलेलं पाणी उतरंल म्हणून आमी किनाऱ्यावर बसून ऱ्हायचं? पोरीची व्हिसाची तारीख तोंडावर आली!"

"आलाय की दरसाल खाली."

"मग आणा खाली!"

नाना फळ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हाताने मधली ओळ पुसून टाकली. आता वर आजचा भाव होता आणि तळाशी ऑइल पेंटमधला. दोघांच्या मध्ये नुसतं काळं. "पावणे, तुमचं बरोबर हाय," ते हळूच म्हणाले. "वरसाच्या वरसाला जरा हलतं, पण हे पाणी परत कदी गेलंच नाय. चढला की आमाला बरंच वाटायचं, म्हणून नीट बघितलंच नाय मी. बाय, कागद घे. आत्ता निघायचं."

पालघरच्या बँकेत काउंटरवरच्या बाईंनी त्या घडीचा भाव सांगितला आणि कर्जाची रक्कम अपुरी पडली. नानांनी खिशातून आपलं पासबुक काढलं. मामींना घेऊन एकदा हॅम्बुर्गचं बंदर बघायचं म्हणून त्यांनी पैसे साठवले होते. आपली पिंपं उतरतात कुठे, ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. "मामा, हे नको," मी म्हटलं. "थांब म्हणणारा मी," नाना म्हणाले. "भरणार मीच. तू बंदर बघ आणि मला सांग."

मी गेले. बंदर बघितलं, फोनवरून त्यांना दाखवलंही. नोकरी लागल्यावर त्यांना तिकिटं पाठवते म्हटलं, तर गुडघ्यांचं निमित्त सांगून टाळत राहिले. मात्र घरी पहिल्यांदा पैसे पाठवले त्या दिवशी त्यांनी जे विचारलं, ते अजून कानात आहे. "बाय, आता तू युरो कमावतेस. आता चढला तर फूल लावू ना?" माझं शिक्षण चालू असेपर्यंत, भाव कितीही चढला तरी, त्यांनी तो खिळा रिकामा ठेवला होता. हे तेव्हा मला कळलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मामी म्हणाल्या, "आकडा लिही. फळा असा बघवत नाय." मी फोनवर भाव बघितला. चढला होता. वरची ओळ पुसली, लिहिलं, आणि परडीतल्या जास्वंदाकडे हात नेला.

"नको गं लावू," मामी म्हणाल्या. "नानांनीपण हल्ली नव्हतं लावलं."

"का?"

त्यांनी फाटकाकडे बोट दाखवलं. शेजारची प्रणाली उभी होती. तीही शिकायला जर्मनीला निघाली आहे. कर्ज अजून मंजूर व्हायचं आहे. "ताई, आज किती?" तिने विचारलं. मी बाजूला झाले. तिने फळा वाचला आणि फाटक ओढून घेऊन परत गेली. मी फूल देवापुढे ठेवलं.

आता मी जर्मनीला परतले आहे. फळा मामी लिहितात आणि रोज त्याचा फोटो पाठवतात. फोटो आला की मी आकड्याआधी खिळा बघते…

अजून रिकामा आहे.