तात्यांचा मळा प्लास्टिकखाली गेला

मंडळी, आज माझ्या हातून जे झालंय ते कुणीतरी निस्तरून द्या. पाया पडते.

आमच्या तात्यांकडे, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांकडे, भोर संस्थान असतानाचं एक छापील चित्र आहे. वरवे गावाजवळच्या इनामदारांचा मळा, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला. तात्यांचे वडील तिथं माळी होते. तात्यांचं लहानपण तिथंच गेलं.

त्यातली शाई इतकी दाट, की रेघ बोटाला लागायची. आंब्याच्या खोडाची साल खरबरीत, विहिरीचे दगड त्याहून जाड आणि पाटाचं पाणी मात्र दोनच नाजूक रेघांत. तात्यांची नजर गेली, तरी रोज बोट फिरवत ते मळाभर हिंडायचे.

कागदाला कसर लागायला लागली, म्हणून मी शहाणपणा केला. सकाळी नसरापूरला जाऊन लॅमिनेशन करून आणलं. काय चकचकीत दिसत होतं!

दुपारी ते तात्यांच्या मांडीवर ठेवलं. बोट नेहमीसारखं फाटकापासून निघालं आणि घसरत थेट काठाला गेलं. त्यांनी पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच.

"पोरी, ह्यो न्हवं. आपला मळा आण."

"तात्या, हाच आहे हो."

"मंग हितली इहीर कुठं गेली?"

चार दुकानांत फोन केले. सगळे म्हणतात, प्लास्टिक सोलाल तर कागदही सोलून येईल. कुणाला काही उपाय माहीत आहे का? काहीही सांगा.

तात्यांना वाटतंय, मी खरं चित्र दुकानातच विसरले. मी जाऊन आणीन म्हणून ते अजून ओट्यावर बसून आहेत.