केळीच्या गावाला केळी

भुसावळ सुटलं की मी गाडीची खिडकी सोडत नाही. गेल्या दोन खेपांना मात्र बाहेर पाहवलं नव्हतं. पिवळ्या पडलेल्या केळीच्या बागा आणि कोरडे नाले. यंदा हिवाळ्यात पाऊस भरपूर झाला. होळी जवळ आली तरी नाले वाहत होते, गहू डोलत होता, आणि मी अनोळखी सहप्रवाशांना उगीचच "पाहिलंत का?" म्हणत होते.

बुऱ्हाणपूरला उतरून मला जसोंडीला मावशीकडे जायचं होतं. रिकाम्या हाती कसं जायचं? इतवाऱ्याच्या बाजारात दराबा (रवा, साखर, तूप घोटून केलेली इथली मिठाई) घेतला. शेजारच्या हातगाडीवर केळी छान दिसली.

"कहाँ जाना, ताई?" गाडीवाल्याने विचारलं.

"जसोंडीला."

"अरे, लोक तिथून केळी आणते, तुम्ही घेऊन चालले!"

"दोन वर्षं झाली, बाग वाळली त्यांची," मी म्हटलं. त्याचं हसू मावळलं. त्याने दोन केळी वर घातली.

मावशीने केळ्यांची फणी पाहून कपाळाला हात लावला. "अवं माय! म्या तं केळं सोडलं ना!"

विहीर आटली तेव्हा ती इच्छादेवीला नवस बोलली होती: विहिरीला पाणी टिकेपर्यंत केळं तोंडात घालणार नाही. मला हे कुणी कळवलंच नव्हतं. आमच्या घराण्याचा हा जुना गुण.

"उद्या मोटर लावून पाहू," मावसभाऊ गजानन म्हणाला. "दुपारपर्यंत चालली तं केळी लावू. नाय तं मी चाललो सुरतला, कामाला." मावशीने फणी खुंटीला टांगली.

सकाळी सगळे विहिरीवर. मोटर सुरू झाली आणि पाणी खाली जाऊ लागलं. काठाचा दगड ओला उघडा पडला, मग त्याखालचा. मावशी पदर तोंडाशी धरून उभी. मी दराबा खात होते. काळजीने मला भूक लागते. मग पाणी एका जागी थांबलं. झरे देत होते तेवढंच मोटर ओढत होती. ऊन डोक्यावर आलं तरी धार तेवढीच जाड होती.

गजाननने धारेखाली डोकंच धरलं. "आई, सुरत कॅन्सल!"

संध्याकाळी इच्छापूरला देवीच्या पायऱ्या चढलो. माझी केळी एव्हाना काळी पडली होती, तरी तीच देवीपुढे ठेवली. मावशीने एक सोललं, डोळे मिटून खाल्लं.

"गोड हाये," ती म्हणाली. "पन आपल्या मळ्याचं नाय."

निघताना ती रिक्षापर्यंत आली. "पुढल्या साली हात हालवत ये. केळी आपल्या घरची खाशील."

हात हलवत येणाऱ्या पाहुण्याला आमच्याकडे नावं ठेवतात. परतीच्या गाडीत रिकामी पिशवी मांडीवर घेऊन मी त्या हिवाळी पावसाचे मनोमन आभार मानले. पुढच्या वर्षी मी काहीही नेणार नाही.