धा वाजता भरती, बंदरावर!

आम्ही जुने भूगोलवाले दोघं जरी भेटलो तरी खाडीचा विषय निघतोच. किस्से खाडीतल्या गाळासारखे साचलेत, उपसणारा कोणी नाही!

एकाहत्तरच्या लढाईनंतरचं वर्ष. साताऱ्याच्या कॉलेजात भूगोलाला आम्ही अकरा जण, आणि अकराही जणांनी समुद्र फक्त नकाशात पाहिलेला. कदम सरांनी आम्हाला चिपळूणच्या पुढची एक खाडी दाखवायचं ठरवलं. प्रिन्सिपॉलांनी त्यांच्याकडून लिहून घेतलं, 'अकरा नेतो, अकरा परत आणतो.' तो कागद खिशात ठेवून सर तीन दिवस खिसा चाचपत होते.

*

पोचलो तेव्हा संध्याकाळ झालेली. सांगलीकडचा चौगुले हातपाय धुवायला काठावर गेला आणि ओरडतच परत आला, "आरं, नदी माघारी फिरली की!"

समुद्राचं पाणी आत चढत होतं. कृष्णाकाठच्या माणसाला नदी उलटी वाहताना बघवेना. त्याने चूळ भरली आणि तोंड वाकडं केलं.

"सर, ह्ये तर आमच्या मळ्यातलं पानी!"

उसाला पाणी पाजून पाजून त्याचा मळा खारपड झाला होता.

"तुमच्याकडं समुद्र आपणहून आला नाही चौगुले," सर म्हणाले, "तुम्ही बोलावलात!"

*

दुसऱ्या दिवशी ओहोटीला चिखलात उतरलो. चिखलात हवा नसते, म्हणून खारफुटीची मुळं श्वास घ्यायला वर येतात, त्यांच्या आडोशाला मासे-खेकडे वाढतात, असं सर सांगत होते. कऱ्हाडचा बबन बराच वेळ ती वर आलेली मुळं निरखत होता.

"सर, समदी लागवडच उलटी झालीया!"

तेवढ्यात संपत मांडीपर्यंत रुतला. संपतच्या घरात तीन पिढ्या मिलिटरीत. हा मात्र दोनदा भरतीला जाऊन अर्ध्या इंचाने छातीत नापास. "तिसऱ्यांदा जमलं न्हाई तर घरी तोंड दावत न्हाई," असं तो खरंच म्हणायचा. आम्ही चौघांनी ओढून काढला. चप्पल खालीच राहिली.

"छाती असती तर निघालो नसतो, गड्या!" संपत म्हणाला.

*

होडीवाल्या इस्माईलचाचांनी आम्हाला जुनं बंदर दाखवलं.

"इथं गलबतं लागायची. मीठ, कौलं, भात."

"आणि आता काय लागतं?"

"आता गाळ!"

उरली होती जकातीची एक सरकारी चौकी आणि तिच्यात खाकीतला एक शिपाई. इथं काय करता, असं विचारल्यावर तो गंभीरपणे म्हणाला, "समजा, आलं गलबत तर?"

*

निघायच्या आदल्या संध्याकाळी सरांचा निरोप आला. होडी भरतीलाच सुटते, सगळ्यांनी नव्या धक्क्यावर वेळेवर जमायचं. संपत मुक्कामाच्या खोलीत शर्ट वाळत घालत होता. मी दारातूनच ओरडलो, "संप्या, उद्या धा वाजता भरती हाय! बंदरावर ये!"

सकाळी नव्या धक्क्यावर आम्ही दहाच जण. कालचा चिखल पाण्याखाली गेला होता आणि पाणी अजून चढतच होतं. सरांचा हात खिशावर.

"चप्पल काढाय गेला असंल का रं?" बबन पुटपुटला.

मी हाका मारत बांधावरून पळत सुटलो तो थेट जुन्या बंदरापर्यंत.

चौकीसमोर संपत उघड्या अंगाने सावधानमध्ये उभा. छातीत दम भरलेला, तोंड लालबुंद. समोर हातात सुतळी घेऊन तो शिपाई. त्या चौकीवर बऱ्याच वर्षांनी कोणीतरी आपणहून आलं होतं!

"संप्या!"

त्याचा दम सुटला. "आरं काय केलंस! आता मोजत व्हते की!"

मी त्याला घट्ट मिठी मारली. मागून धापा टाकत सर आले, संपतला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि मटकन खालीच बसले. "अकरा," एवढंच म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझ्याही.

"ही भरती, येड्या!" मी खाडीकडे हात केला. "परीक्षेत भरती-ओहोटीवर धात आठ मार्क हायत तुला!"

संपतने शर्ट चढवला. बटणं लावता लावता त्याने पाण्याकडे पाहिलं.

"ही रोज येती व्हय?"

"दिवसातनं दोनदा."

"दोनदा?" संपत म्हणाला. "आन आमच्याकडं वरसातनं एकदा!"