दुसरा छर्रा

हे मी आजवर कुणापुढे बोललो नाही. बायकोपुढे नाही, देवापुढे तर मुळीच नाही — देवाला या सगळ्यात मी सामीलच करून घेतलं होतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या घरातले नाही. आणि कारण मागच्या आठवड्यापासून माझं डोकं फिरलंय.

निमित्त पुतण्याचं. रोहित न्यूझीलंडला असतो. तिकडे रानससे शेतं फस्त करतात, म्हणून त्यांना मारलं तर कुणी हटकत नाही. मध्ये स्कॉटलंडला गेला होता, तिथेही मित्रांबरोबर ससे मारून आला. मागच्या आठवड्यात त्यानं घरच्या ग्रुपवर फोटो टाकला — गवतावर ओळीनं मांडलेले ससे, मागे हा बंदूक घेऊन हसतोय. खाली लिहिलेलं, "सब बाळाकाका की देन है." बाळाकाका म्हणजे मी. लगेच धारच्या आत्याबाईंपासून इथल्या जावयांपर्यंत सगळ्यांना उमाळे आले. रक्तातच आहे आपल्या. घराण्याचं नाव राखलंस. माझा नुसता संताप झाला. कसलं रक्त? कसलं घराणं? आणि मी काय लिहिलं, सांगू? "शाब्बास."

आमच्याकडे देवासला खंडेनवमीला शस्त्रं पूजतात आणि सशाचा नैवेद्य दाखवायचे. दरबाराच्या काळापासून चालत आलंय, असं आबासाहेब — म्हणजे माझे वडील — सांगायचे. अट एकच: ससा घरच्या हत्यारानं मारलेला हवा. जाळ्यात धरलेला नको, विकतचा नको. जेवताना ज्याच्या घासात छर्रा येईल त्यानं तो ताटलीत टाकायचा, आणि घरातल्या बायकांनी त्याला ओवाळायचं. छर्रा हा पुरावा. जुनी बंदूक केव्हाच सरकारजमा झाली होती, तेव्हापासून घरचं हत्यार म्हणजे एक एअरगन. तलवारीशेजारी ठेवून तिलाही हळदकुंकू. ससा मारणं गुन्हा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. पण कुळाचार म्हटला की आमच्या लोकांची अक्कल चपलांबरोबर दाराबाहेर राहते.

आता खरं ऐका. मला पळता ससा कधीच मारता आला नाही. एकदाही नाही. आबासाहेबांचा थोरला मुलगा मी, आणि नेम असा, की उभ्या म्हशीलाही लागला नसता. हे कबूल कुणापुढे करायचं? म्हणून मी पीपलरावां गावच्या मंगीलालला गाठलं. ओळखीच्यांच्या शेतावर राबायचा, माझ्याच वयाचा. सोयाबीन कापून झालं की ससे बांधावरच्या झुडपांत दडतात. मंगीलाल तिथे जाळं लावायचा, ससा हाकून त्यात घालायचा, जाळं दोन्ही हातांनी दाबून धरायचा — आणि मी हातभर अंतरावरून बंदूक झाडायचो. छर्रा मांसात जायचा. पुरावा तयार. सात वर्षं ओवाळून घेतलं मी असं. रोहित म्हणतो ती 'देन' ही.

आठव्या वर्षी, नवमीच्याच सकाळी, जाळ्यातला ससा फार धडपडत होता. मंगीलाल म्हणाला, "भिया, थोड़ो रुको." मी थांबलो नाही. आबासाहेब पूजेला खोळंबले असतील, उशीर झालाय, ऊन चढलंय — मी चिडलो होतो. सशावर की स्वतःवर, कोण जाणे. छर्रा सशाला लागला नाही. दगडावर आपटून उसळला आणि मंगीलालच्या उजव्या डोळ्यात गेला. तो आवाज न करता खाली बसला. एका हातानं डोळा दाबला. दुसऱ्या हातानं जाळं धरून ठेवलं होतं — माझ्यासाठी.

इथवर अपघात म्हणता येईल. म्हणू नका. कारण मी नळी वाकवली, दुसरा छर्रा भरला आणि आधी ससा मारला. मग मंगीलालकडे वळलो.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, क्या लगा? मंगीलालनं तोंड उघडायच्या आत मी बोललो. "काँटा. बबूल का." छर्रा म्हटलं असतं तर पुढचे प्रश्न आले असते. कुणी झाडला, कशासाठी झाडला. मग वनखातं, आणि माझी सरकारी नोकरी. डॉक्टरांनी माझा इस्त्रीचा शर्ट पाहिला आणि विश्वास ठेवला. डोळा धुतला, थेंब घातले, पट्टी बांधली. मंगीलालनं दुसऱ्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हो म्हणून मान हलवली. मला त्याचा राग येतो. आजही येतो. का गप्प बसलास? तिथल्या तिथे माझं नाव का नाही घेतलंस? — बघा, अजूनही त्याच्यावरच ढकलतोय.

त्याला घरी सोडलं आणि ससा घेऊन देवासला आलो. दुपारी पंगत बसली. छर्रा माझ्याच घासात आला. आबासाहेबांनी सगळ्यांना गप्प करून तो ताटलीत वाजलेला ऐकवला. आईनं ओवाळलं, आणि तेव्हा एवढासा असलेल्या रोहितनं टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली. पोरगं विनयी आहे, असं कुणीतरी म्हणालं.

आठ दिवसांनी मंगीलालची बायको त्याला इंदूरला घेऊन गेली. डोळा काढावा लागला. तिथल्या डॉक्टरांनी छर्रा तिच्या तळहातावर ठेवला आणि विचारलं, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत, वाचवता आला असता. मंगीलालनं सांगितलं, पाखरं मारणारी पोरं होती, कोण ते दिसलं नाही. हे मला तिनंच सांगितलं, त्यांच्या ओसरीवर चहा देताना. मी त्या दिवशी लगेच त्याला दवाखान्यात नेलं, याचे तिला आभार मानायचे होते. "थां नी होता तो कंई होतो, भिया?" — तुम्ही नसता तर काय झालं असतं, म्हणाली. मी चहा प्यालो. सगळा प्यालो.

आबासाहेब आता नाहीत. नवमीला आता कोहळा कापतात. मंगीलाल आहे. मी दिसलो की मला पाहण्यासाठी त्याला अख्खी मान वळवावी लागते, आणि तो ती वळवतो.

त्या सकाळी मी दोन छर्रे झाडले. एक माझ्या ताटलीत वाजला. दुसरा आठ दिवस मंगीलालच्या डोळ्यात होता — आणि ते आठही दिवस, जेवताना, ऑफिसात सह्या करताना, तो तिथे आहे हे मला माहीत होतं.