कान खाजवला की हसायचं

माझा धाकटा भाऊ परक्या देशात, परक्या भाषेत लोकांना हसवून पोट भरतो. आज हे मी ताठ मानेनं सांगते. वर्षभरापूर्वी कुणी विचारलं की विषय बदलायचे.

त्याला इकडे आणलं मीच. एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात मी सतरा वर्षं चादरींच्या घड्या घालते. चादरीच्या घडीला दोन माणसं लागतात. हे ज्याला माहीत नाही त्यानं घरात कधी काडी हलवलेली नाही, असं खुशाल समजावं. तर धाकट्याला मी एका गोदामात कामाला चिकटवलं. दीड वर्ष बरं चाललं. मग एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत यानं खोक्यावर उभं राहून साहेबांची नक्कल केली. साहेब मागेच उभे होते!

घरी आला तो दात काढतच. "ताई, चाळीस माणसं पोट धरून हसली!"

"आणि नोकरी?"

"ती गेली. पण चाळीस, ताई!"

मी त्याला उभा-आडवा झाडला. शेवटी ठरलं, एक वर्ष. वर्षभरात हसवण्याच्या धंद्यात कायमची जागा मिळाली तर ठीक, नाहीतर निमूटपणे धुलाईखान्यात यायचं आणि माझ्यासमोर चादरीचं दुसरं टोक धरायचं. आमच्या ह्यांना सोबत नेऊन मुकादमबाईंकडे मी जागेचा शब्दही टाकून ठेवला.

मग सुरू झाला घरात उच्छाद. आमटीचा डाव माईकसारखा तोंडापुढे धरून हा ओट्यापाशी तालीम करायचा आणि आमटी तिकडे उतू जायची. प्रेक्षक मी. आता माझी अडचण ऐका. मला इथली भाषा कामापुरती येते. ओलं, कोरडं, लवकर, उद्या. बाकी सगळं आमचे हे बघतात. ते बस चालवतात, त्यांना दिवसभर लोकांशी भांडावं लागतं, त्यामुळे त्यांची भाषा पक्की. पण मी काही अगदीच ही नाही. चार दिवसांत ओळखलं, की गमतीचं वाक्य यायच्या आधी धाकटा उजवा कान खाजवतो. झालं! कान खाजवला की मी हसायचं. तो खूश, मी मोकळी.

त्याच्या कार्यक्रमांनाही मी जायचे. एका पुस्तकांच्या दुकानामागच्या खोलीत, शनिवारी संध्याकाळी, पन्नास खुर्च्या. तो कान खाजवायचा, मी हसायचे. प्रत्येक कार्यक्रम तो फोनवर टिपून घ्यायचा आणि कोण कुठे हसलं ते घरी ऐकायचा. एकदा फोन घेऊन तरातरा माझ्यापुढे आला.

"ताई, मी वाक्य बोलायच्या आधीच तू हसतेस! लोक तुझ्याकडे वळून बघतात आणि माझं वाक्य वाया जातं."

"आधी हसले तर बिघडलं कुठं?"

"अगं, जेवण वाढायच्या आधीच ढेकर देतेस तू!"

कार्यक्रमांना मला बंदी झाली. ज्याचं नाक मी पुसलं त्यानं मला बंदी घालावी! दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

वर्ष संपायला आलं, आणि बंदीनंतरचा पहिलाच कार्यक्रम निवडीचा ठरला. दुकानाच्या मालकीणबाई तिघा हसवणाऱ्यांमधून एकाला कायमचा शनिवार देणार होत्या. नाही मिळाला तर सोमवारी धुलाईखाना. धाकट्यानं बजावलं, "ताई, तू येऊ नकोस." मी हो म्हटलं आणि गेले. अगदी मागे, ह्यांच्या पाठीआड बसले आणि ओढणीचा बोळा तोंडात कोंबला.

धाकट्यानं सुरुवात केली. कान खाजवला. मी गप्प. तोही गप्प! मग घाईघाईनं वाक्य बोलून टाकलं. कुणी हसलं नाही. दुसऱ्यांदा कान खाजवला, थांबला, दाराकडे बघितलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. याला माझ्या हसण्याची सवय लागलीय! कान खाजवून हा मेला माझी वाट बघतोय.

हे कुजबुजले, "अगं, वीस वर्षांत गप्प बसायला आजचाच दिवस सापडला तुला?"

खोटं कशाला बोलू, क्षणभर मनात आलं, गप्पच बसावं. सोमवारपासून भाऊ समोर असेल, डोळ्यांपुढे, पक्क्या नोकरीत. पण तिकडे त्याच्या कपाळावर घाम आला होता. त्यानं तिसऱ्यांदा कानाकडे हात नेला, आणि माझ्यानं बघवेना. बोळा काढला आणि अशी हसले, की पुढच्या रांगेतला माणूस दचकून उठला.

सगळ्या माना माझ्याकडे. धाकटा डोळे फाडून बघत राहिला. मग काहीतरी बोलला आणि खोलीत हशा फुटला. मी ह्यांना ढोसलं.

"म्हणतोय, ही माझी मोठी बहीण. हिला तुमच्या भाषेतलं ओ की ठो कळत नाही. मी कान खाजवला की ही हसते."

"म्हणजे मला चव्हाट्यावर मांडलं की यानं!"

तेवढ्यात त्यानं नुसता कान खाजवला. मला राग आलेला, तरी हसू फुटलंच. लोक खुर्च्यांवरून घसरायला लागले. मग त्यानं हात कानापर्यंत नेला आणि परत खाली घेतला. पुन्हा नेला. पाठ केलेला एकही विनोद त्यानं त्या दिवशी पुढे सांगितला नाही.

शेवटी मालकीणबाई माझ्यापाशी आल्या. माझ्याशी काय बोलावं हे त्यांना सुचेना. त्यांनी आपला उजवा कान खाजवला, आणि मला कळलं, शनिवार मिळाला.

सोमवारी मी एकटीच कामावर गेले. धाकट्यासाठी ठेवलेली जागा रिकामी होती. तो येणार नाही हे मी मान हलवून सांगितलं. मुकादमबाईंनी स्वतः चादरीचं दुसरं टोक धरलं. घडी घालायला आम्ही जवळ आलो, तेव्हा त्यांनी काळजीनं माझ्या डोळ्यांकडे बोट दाखवलं.

"ओलं," मी त्यांच्या भाषेत म्हटलं. "उद्या कोरडं."