समुद्राने परत केलेली ओटी

लेक गेली त्या दिवसापासून मी देवाशी बोलणं टाकलं होतं. देवघरात दिवा लागायचा, पण तो सून लावायची. मी समोरून जायचे, हात मात्र जोडायचे नाही. आमच्या पुलगावजवळून वर्धा नदी वाहते. लेकीच्या जन्मापासून दरवर्षी मी त्या नदीची ओटी भरली, खण-नारळ पाण्यात सोडला, तिला उदंड आयुष्य मागितलं. शेवटी तिच्या अस्थीही त्याच पाण्यात सोडाव्या लागल्या. इतकी वर्षं घेतच राहिलीस, दिलंस काय, असं मी काठावर उभी राहून नदीला विचारलं आणि त्यानंतर गप्पच झाले.

लेकीची मुलगी, सहा वर्षांची मनू, आमच्याकडेच असते. जावयांची नोकरी फिरतीची. तिला पुस्तकात पाहिलेला समुद्र खरोखर पाहायचा होता. "आई, घरात बसून दुःख कमी होत नाई. मनूसाठी तरी चल," असं म्हणून मुलाने कापडाच्या दुकानाला चार दिवस कुलूप लावलं आणि आम्हा सगळ्यांना कोकणात नेलं. मी गेले ती पोरीसाठी. माझं मन त्यात नव्हतं.

सकाळी किनाऱ्यावर पोचलो तेव्हा पाणी खूप आत होतं. वाळूच्या पुढे काळे खडक उघडे पडले होते. आमची माणसं नदीवरची. उन्हाळ्यात नदीच्या पात्रात खडकावर पाय सोडून बसायचं, दशम्या खायच्या, उन्हं उतरली की घरी जायचं. पाणी आपलं जिथे आहे तिथेच राहतं. आमच्या ह्यांना वाटलं, इथंही तसंच. मनूचा हात धरून ते सर्वात पुढच्या खडकावर जाऊन बसले. जाताना मला चिडवून गेले, "तू रुसून बस. समुद्राले काय फरक पडते?"

मुलगा जेवणाचं बघायला गेला होता. सुनेने पिशवीतून तांदूळ, खण, नारळ काढला. आमच्याकडे मोठं पाणी पहिल्यांदा भेटलं की घरातल्या मोठ्या बाईने त्याची ओटी भरायची रीत आहे. मी म्हटलं, "तूच भर." ती म्हणाली, "तुमच्या हातानंच भरा लागते न, आई." तिचा चेहरा पाहून मला नाही म्हणवेना. मी तांदूळ सोडले, खणात बांधलेला नारळ सोडला आणि हात न जोडताच पाठ फिरवली. डोकं दुखत होतं, खोलीवर जाऊन पडायचं मनात होतं.

चप्पल घालायला वाकले तर नारळ पायाशी आला. मी उचलून पुन्हा लांब टाकला. तो पुन्हा आला. नदीने माझं काहीच कधी परत केलं नव्हतं, आणि हा समुद्र माझ्या हातचं घ्यायलाच तयार नव्हता. मला संताप आला, रडूही आलं. "पाह्य, मी दिलेलं याले चालत नाई," असं सुनेला म्हणत होते, तेवढ्यात कोरड्या वाळूत काढून ठेवलेली माझी चप्पल तरंगू लागली. पाणी चढावर येत होतं! मी खडकांकडे पाहिलं. ज्या वाळूवरून दोघं चालत गेली होती तिथे आता लाटा खेळत होत्या. ह्यांना ऐकू कमी येतं. ते दूर जाणारी होडी नातीला दाखवत बसले होते.

मी ओरडले ती देवाच्याच नावाने. इतक्या महिन्यांनी ते नाव तोंडातून निघालं, आणि ते मी काही ठरवून घेतलं नव्हतं. थोड्या अंतरावर काही माणसं जाळ्याचा दोर ओढत होती. त्यातला एक उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस दोर सोडून धावत आला. "भरती लागली! तुमचीच का ती माणसं?" एवढंच बोलून तो पाण्यात शिरला, मागून आणखी दोघे. पाणी त्याच्या छातीला लागत होतं. मी आणि सून एकमेकींना धरून उभ्या होतो. त्याने मनूला खांद्यावर घेतलं, दुसऱ्यांनी ह्यांना दोन्हीकडून धरलं. सगळी वाळूवर आली तशी मी मनूला ओढून जवळ घेतलं.

"आजी, समुद्र माह्याजवळ आला होता," मनू म्हणाली. "पाणी असं वापस येते, मले कुठं ठाऊक होतं?" हे म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले. मी वळून त्या माणसाचे पाय धरायला गेले, तर तो पुन्हा दोर ओढायला लागलेला होता. लांबूनच त्याने हात केला. संध्याकाळी मुलाने भरती-ओहोटीच्या वेळा विचारून घेतल्या. बैल गेला अन् झोपा केला, पण आमचा बैल गेला नव्हता.

भरतीला तरंगती वस्तू काठाला येते, त्यात नवल काही नाही, हे मलाही कळतं. कुणाशी वाद घालायचा नाही. मला एवढंच ठाऊक आहे की समुद्राने ती ओटी पहिल्यांदाच घेतली असती, तर मी पाठ फिरवून खोलीवर गेले असते. माझं देणं त्याने नाकारलं आणि माझी नात हातात दिली. माझी लेक का गेली, याचं उत्तर मला मिळालेलं नाही. ते दुःख आहे तसंच आहे. पण आता ते मी एकटी उचलत नाही.

निघायच्या दिवशी मी एकटीच किनाऱ्यावर गेले. सुनेने त्या दिवशी उचलून ठेवलेला तोच नारळ, तोच खण. मी पाण्यात उतरले, ओटी भरली आणि या वेळी हात जोडले. मागायला काही सुचलं नाही. मग मागे वळले आणि वाळूवरून चालत आले. नारळ आत गेला की पुन्हा काठाला लागला, ते मी पाहिलं नाही.